पारडीहून दवाखान्यापर्यंत

पारडीच्या नाक्यावरून मोठ्या दवाखान्यात जायच्या चार तऱ्हा होत्या, आणि पहिल्या आठवड्यातच त्या मला पाठ झाल्या. शहर बस धरली तर बर्डीला उतरून दुसरी बस घ्यावी लागे. सहा सीटर ऑटो इतवारीपर्यंत सोडत असे आणि तिथून पुढे सायकल रिक्षा करावी लागे. नाक्यावरून थेट सायकल रिक्षाही मिळे, पण मग दोन तास आधी घर सोडायचं. चौथी तऱ्हा किसनकाकांची स्कूटर, पण काका सकाळी सातलाच कामावर जात, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. त्याआधी नागपूर एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत, आणि त्यातलं अजबबंगला म्हणतात त्या संग्रहालयातलं पेंढा भरलेलं अस्वल तेवढं लक्षात राहिलं होतं. आता त्या शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझ्या बहिणीला रोज न्यायचं होतं आणि रोज परत आणायचं होतं.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. तिचं नाव यशोदा, पण मी तिला नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. माय दिवसभर भाताच्या बांध्यांत असायची, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, माझी वेणी घालणं, मला शाळेत रेटत नेणं हे सगळं बाईनं केलं. आमचं गाव चिमूरच्या पलीकडे, जंगलाला लागून. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचायला आम्ही पहाटे निघायचो. बाईची चाल अशी की तिच्याबरोबर राहायला मला मधूनमधून धावावं लागे. डोक्यावर भरली टोपली असली तरी तिची मान हलायची नाही आणि बोलणंही थांबायचं नाही. लग्न होऊन माजरीला गेली, भाऊजी कोळशाच्या खाणीत होते. माहेरी यायची तेव्हा वरोऱ्याहून चिमूरची बस धरायची, आणि गावाची बस मिळत असली तरी फाट्यावर उतरून पुढचं चालत यायची. बसमध्ये तिचा जीव घुसमटायचा. आम्ही सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून वाट बघायचो, आणि लांबून तिची चाल दिसली की माय चुलीवर लाखोळीच्या डाळीचा गंज चढवायची. लाखोळीची डाळ, तांदळाचा भात आणि जवसाची चटणी, एवढं मिळालं की बाईला दुसरं काही नको असे.

आजार तिनं वर्षभर कोणाला सांगितला नाही. अंगावरून जात राहिलं, ती कापडाच्या घड्या बदलत राहिली. एकदा माहेरी आलेली असताना न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा मायला कळलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून नागपूरला पाठवलं. नागपूरला सांगितलं की पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही, सिकाई करू. मशीनखाली निजवून किरणं देतात, त्याला तिथे सगळे सिकाईच म्हणत. तीस वेळा घ्यायची होती. रविवार आणि शनिवार सोडून रोज. भाऊजींना एवढी सुट्टी नव्हती. बाबांना शहरात एक पाटीही वाचता येत नव्हती. घरात दहावी झालेली मी एकटी. म्हणून मी.

राहायचं कुठे हा प्रश्न बाबांनी क्षणात सोडवला. किसनकाका त्यांचे चुलत भाऊ, पारडीला स्वतःचं घर बांधून होते. आपला माणूस शहरात असताना दुसरीकडे विचारायचं म्हणजे त्याचा अपमान. बाईची पोरगी मंदी चार वर्षांची होती, ती मायपाशी राहिली. निघताना ती रडली नाही. तिला वाटलं आम्ही बाजाराला चाललो आहोत, आणि येताना मुरमुऱ्याचे लाडू आणायला तिनं बजावलं.

काकांचं घर लहान होतं, पण मन मोठं होतं हे सांगितलंच पाहिजे. मागची खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतःची दोन मुलं ओसरीत निजवली. शेजारी कोष्ट्यांची घरं होती. सकाळी उजाडताच त्यांचे माग सुरू व्हायचे, खटक खटक, खटक खटक, आणि दिवसभर तो आवाज भिंतीतून यायचा. बाई म्हणायची, गावात कोंबडा उठवतो, इथे लुगडं उठवतं. काकू मला उठवायच्या आधीच चूल पेटवून बाईसाठी पातळ पेज करून ठेवत. तिखट बंद, तेलकट बंद. बाई पेजेत मीठ घालून, डोळे मिटून प्यायची, आणि मला विचारायची की काकूंनी तुमच्यासाठी काय केलं आहे. मी मुद्दाम काहीतरी बेचव सांगायचे.

पहिले आठ दिवस आम्ही बसनं गेलो. बाईला बसायला जागा मिळाली तर उलट जास्त दुखायचं. मागच्या चाकावरची सीट तर तिला नकोच असे. ती दांडा धरून उभी राहायची आणि खड्डा आला की टाचा उचलायची. सहा सीटरमध्ये उभं राहता येत नव्हतं. एकदाच बसलो. इतवारीला उतरल्यावर तिनं खांबाला धरून दम घेतला आणि म्हणाली की हे तर भातगिरणीच्या मशीनवर बसल्यासारखं झालं. मग सायकल रिक्षा करून पाहिली. रिक्षा तिला मानवली. गादी मऊ, चाल हळू, आणि वारं लागायचं. पण रिक्षावाला छत्तीसगढकडचा, वाळलेला माणूस होता. चढ लागला की तो खाली उतरून ओढायचा, आणि तो उतरला की बाईही उतरायची. मी रागवायचे, तोही म्हणायचा, बैठो बाई, बैठो. ती ऐकायची नाही. एका हातानं पोट धरून रिक्षाच्या मागे चढ चालायची आणि वर पोचल्यावर म्हणायची, माणसानं माणसाला ओढायचं बघवत नाही. अशा रीतीनं ज्या वाहनात तिचं अंग सुखी असे त्यात तिचं मन सुखी नसे.

तिसऱ्या आठवड्यात सिकाईनं तिची आतडी हुळहुळी झाली. हे होणार असं सांगितलेलं होतं, पण होणार म्हणजे काय ते आम्हाला कळलं नव्हतं. तिला परसाकडे जायचं झालं की थांबता येईना. मग वाहनांचा हिशेबच बदलला. कोणतं लवकर पोचतं, कोणत्यात कमी दुखतं, हे मागे पडलं. कोणत्या रस्त्यावर संडास आहे तेवढं राहिलं. बर्डीच्या बसथांब्याजवळ एक होतं. इतवारीच्या रस्त्यावर एका लॉजमध्ये पाण्याची गडवी देऊन जाऊ देत. रिक्षा कुठेही थांबवता येई, पण थांबवून जायचं कुठे? गावात झाड असतं, नाला असतो. तिथे दुतर्फा दुकानंच दुकानं. बाई घरून निघण्याआधी खाणं बंद करू लागली. पेजही नको म्हणायची. आणि पोटात काही नसताना मशीनखाली जाऊन आली की तिला माझ्या खांद्यावर टेकून चालावं लागे. जी बाई मला मोहाच्या रानात धावायला लावायची, ती दवाखान्याच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत तीनदा बसायची.

आता पारडीच्या बाजूपर्यंत मेट्रो जाते. मंदी नागपुरात नोकरीला आहे. मागल्या वर्षी तिनं मला त्या गाडीतून फिरवलं. थंडगार डबा, धक्का नाही, आवाज नाही, आणि मी पुरतं टेकून बसते न बसते तोच बर्डी आली. मंदी म्हणाली, पाहा मावशी, किती लवकर आलो. मी हो म्हटलं. मी खाली रस्त्याकडे पाहत नव्हते, माझ्या हातांकडे पाहत होते. तिनं विचारलं की चक्कर येते का. तिला तिची आई आठवत नाही, नुसता लुगड्याचा वास आठवतो असं ती सांगते. पुढे जे लिहिणार आहे ते तिनं वाचावं म्हणूनच लिहिते आहे, कारण तोंडानं सांगायला मी तीन वेळा बसले आणि तिन्ही वेळा चहा करायला उठले.

तो मंगळवार होता. एकोणिसावी सिकाई झाली होती. रिक्षावाला त्या दिवशी मिळाला नाही म्हणून आम्ही परतताना बस धरली. दुपारची वेळ, बस भरलेली, आम्ही दोघी मधल्या भागात उभ्या. बर्डी सोडून बस पुढे आली आणि बाईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला कळलं. मी कंडक्टरला ओरडून सांगितलं की थांबवा, आजारी माणूस आहे. तो म्हणाला पुढच्या थांब्यावर. तो थांबा फार लांब नव्हता. पण तोवर झालं होतं.

वास आधी पसरला. माणसं बाजूला सरकली. एवढ्या गर्दीत आमच्याभोवती जागा झाली. कोणीतरी हिंदीत काही बोललं, एक प्रवासीण पदर नाकाला लावून तोंड फिरवून उभी राहिली. बाईनं दोन्ही हातांनी लुगडं मागून आवळून धरलं होतं आणि खाली मान घातली होती. आणि मी एक पाऊल बाजूला सरकले. एकच पाऊल. लोक सरकले तशी मीही सरकले, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की ही वेगळी आणि ती वेगळी. बाईनं तेवढ्यात मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लगेच मी जवळ गेले, तिला धरलं, थांब्यावर उतरवलं. पण तिनं पाहिलं होतं.

थांब्यापाशी एक चहाची टपरी होती. टपरी चालवणाऱ्या म्हातारीनं काही न विचारता मागच्या बाजूला बादलीभर पाणी ठेवलं आणि गोणपाट धरून आडोसा केला. मी बाईचं लुगडं धुतलं, ओलंच तिला नेसवलं. मग आम्ही घरापर्यंत चालत आलो. अंतर बरंच होतं, पण ती बसायला तयार नव्हती, कशातच. काकांच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "शालू, आता बस झालं. मले गावाले घेऊन चाल."

मी म्हटलं, अजून अकरा दिवस आहेत.

"रोगाले मी भीत नाई वो," ती म्हणाली. "पण हा रस्ता मले उद्या पुन्हा नको. माह्या पोरीपाशी ने."

त्या संध्याकाळी काकूंनी तिला समजावलं, काकांनी समजावलं. ती फक्त मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी ती घरी राहिली आणि कागदपत्रं आणायला म्हणून मी एकटीच दवाखान्यात गेले. एकटीनं बसमध्ये बसताना मला किती हलकं वाटलं ते मी लपवणार नाही. खिडकीशी जागा मिळाली. मी शहर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

सिकाईच्या विभागात एक तरुण डॉक्टर होते. मी सांगितलं की आम्ही गावाला जातो, बाईला ये-जा झेपत नाही. त्यांनी कागद पाहिले आणि ते माझ्याशी चिडून नाही, कळवळून बोलले. मध्येच सोडू नका, अर्ध्यावर सोडलं तर ते पुन्हा जोर धरेल, कशीही आणा पण आणा. मी हो हो म्हटलं. कागद हातात घेऊन बाहेर आले आणि मला रडू फुटलं. लोकांत रडायला नको म्हणून इमारतीच्या मागे गेले. तिथे एक नळ होता आणि नळावर एक बाई कपडे धूत होती. तिनं मला पाणी दिलं आणि कुठली म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती सिरोंच्याकडची होती, बोलण्यात तेलुगूचा हेल होता. तिच्या नवऱ्याच्या गळ्याला सिकाई चालली होती. मी विचारलं, तुम्ही रोज कुठून येता?

"येतो कुठून?" ती म्हणाली. "इथीच राह्यतो न. हे काय."

तिनं हातानं दाखवलं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीत एक लहान दार होतं, आणि दारापलीकडे एक लांबट, कौलारू इमारत. ओट्यावर भांडी पालथी घातलेली, दोरीवर धोतरं, लुगडी. बाहेरगावच्या रोग्यांसाठी आणि त्यांच्यासोबतच्या माणसांसाठी कोणा शेटजींनी बांधलेली धर्मशाळा. मशीनच्या खोलीपासून तिथवर मी पावलं मोजत गेले नाही, पण एक हाक मारली तर ऐकू गेली असती. एकोणीस दिवस मी बाईला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत होते आणि ही जागा भिंतीमागे होती. मी कोणाला विचारलंच नव्हतं. नर्सला नाही, डॉक्टरांना नाही, रांगेत शेजारी बसलेल्यांना नाही. आपलं घर आहे ना शहरात, मग विचारायचं कशाला. आणि मला शहरातल्या लोकांशी बोलायची लाजही वाटत होती, कारण मी मले-तुले बोलले की तिथल्या पोरी हसत.

धर्मशाळेच्या दाराशी एक म्हातारे व्यवस्थापक वही घेऊन बसत. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की शेवटची खोली सकाळीच रिकामी झाली आहे, संडास लागूनच आहे, रोग्याचा कागद दाखवा आणि उद्या येऊन राहा. मी म्हटलं, उद्या येते. त्यांनी वहीत बाईचं नाव लिहून घेतलं. यशोदा. आडनाव. गाव.

परतीच्या बसमध्ये मी किती आनंदात होते. बाईला कसं सांगायचं, काकूंना वाईट वाटू नये म्हणून काय म्हणायचं, सगळं मनात जुळवत आले. एकदाच रिक्षानं जायचं, सावकाश, सकाळच्या गारव्यात, आणि मग अकरा दिवस कुठेच जायचं नाही. नाक्यावर उतरून मी जवळजवळ पळत घरी आले.

दारातून आत पाऊल टाकलं तर बाई हसत होती. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं. काकूंनी तिला न्हाऊ घातलं होतं, डोक्याला तेल लावून वेणी घातली होती, आणि तिनं आमची पेटी भरून ठेवली होती. काकूंचा मुलगा सकाळच्या गाडीची वेळ विचारून आला होता. बाईच्या मांडीवर पुड्यात बांधलेले मुरमुऱ्याचे लाडू होते, ते तिनं शेजारच्या पोराकडून मागवून घेतले होते. मला पाहून म्हणाली की मायच्या हातची लाखोळीची डाळ, थोडीशीच, तोंडात घोळवून थुंकली तरी चालेल. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मी पेटीवर बसले आणि कागद बाजूला ठेवले.

तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

मी म्हटलं, काही नाही. जा म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिचं ते सुख मोडवलं नाही म्हणून मी गप्प बसले. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. मीही थकले होते. मला तिची लुगडी धुवायचा कंटाळा आला होता. धर्मशाळेत गेलो असतो तर काकू नसत्या, कोणीच नसतं, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडलं असतं. आणि बसमध्ये तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेसमोर अजून अकरा दिवस एका खोलीत राहायचं मला जड वाटत होतं. मला घरी जायचं होतं. म्हणून मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हातारे व्यवस्थापक वहीत नाव लिहून वाट पाहत असतील, तेव्हा आम्ही उमरेडच्या पुढे आलो होतो आणि बाई खिडकीच्या गजाला डोकं टेकून रानातल्या मोहाचा वास घेत होती.

गावी आल्यावर महिनाभर ती खरंच बरी वाटली. आतडी शांत झाली, दुखणं उतरलं, ती अंगणात फिरायची. मंदीला मांडीवर घेऊन तिच्या उवा काढायची. बाबा म्हणत, शहराच्या हवेनंच ती खंगली होती. भाऊजी माजरीहून दर रविवारी यायचे आणि बाईचा चेहरा पाहून निश्चिंत होऊन जायचे. त्या महिन्यात मी दोनदा धर्मशाळेचं सांगायचं ठरवलं, अजून जाता येईल असं म्हणायचं ठरवलं. पण सगळे इतके आनंदात होते. आणि मग पुन्हा अंगावरून जायला लागलं, आणि या वेळी पाय सुजले, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की आता नागपूरला नेऊन उपयोग नाही.

मोठी झाल्यावर, नोकरी लागल्यावर, मी एका ओळखीच्या डॉक्टरांना दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून हे सगळं विचारलं होतं. अकरा दिवस पुरे झाले असते तर बाई वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही, तेव्हाची मशीनं, तेव्हाचा आजार, कदाचित काही वर्षं मिळाली असती. काही वर्षं. मंदीला आई आठवली असती एवढी.

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस आले. गावातला प्रत्येक हात बांध्यांत होता. माय मंदीलाही बरोबर नेई, बांधावर बसवून ठेवी. घरात मी आणि बाई. तिची खाट आम्ही सपरीत आणली होती, म्हणजे तिला येणारी-जाणारी माणसं दिसत. लांबून रोवणाऱ्या बायांचं गाणं वाऱ्यावर तुकड्यातुकड्यानं यायचं आणि बाईचे ओठ त्याबरोबर हलायचे. तिची आता कातडी आणि हाडं राहिली होती. तिला उचलून कूस बदलायला मला जोर लागत नव्हता.

एका दुपारी मी तिला चमच्यानं पेज पाजत होते. दोन चमचे घेतले आणि तिनं हातानं थांब म्हटलं. बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिली. मग विचारलं, "शालू, तिथी किती दिवस राह्यले होते वो आपले?"

माझ्या तोंडाशी अकरा आलं होतं. दाराशी उभी राहून मीच तिला तो आकडा सांगितला होता, पण तिला तो आठवत नव्हता. मला वाटलं, अकरा म्हटलं तर ती मोजत बसेल. केवढं सोडून आलो असं वाटून तिचा जीव तळमळेल. जे गेलं ते लहान करून सांगावं, म्हणजे तिला सोपं जाईल. म्हणून मी म्हटलं, "दोन."

ती माझ्याकडे वळली. "दोनच?"

"हो. दोनच."

बांध्यांवरचं गाणं मध्येच थांबलं होतं.

"दोन दिवस तं मी काढले असते वो," बाई म्हणाली.

आवाजात राग नव्हता. नुसतं नवल होतं, लहान मुलाला वाटतं तसं. आता अकरा म्हटलं असतं तर त्याच्या मागोमाग डॉक्टर आले असते, भिंतीतलं दार आलं असतं, वहीतलं नाव आलं असतं. मी चमचा पुन्हा भरला आणि पुढे केला. माझ्याकडे पाहून तिनं तोंड उघडलं, एक घोट घेतला, तो मोठ्या कष्टानं गिळला, आणि मान भिंतीकडे वळवली.

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मधल्या चार दिवसांत ती पूर्ण शुद्धीवर होती. घरी आम्ही दोघीच असायचो आणि खरं सांगायला मला पुष्कळ वेळ होता.